चिरंजीव लाइन बदलतायत

ठाणे, रविवार

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, शिव्या नंतर घाल. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आमचे चिरंजीव ऐरोलीची कॉम्प्युटरची नोकरी सोडून हॉटेल लाइनला निघालेत. म्हटलं, मॅनेजर होणार का? तर म्हणे, "लाइन कुक." म्हणजे ओळीतल्या एका शेगडीपाशी दिवसभर उभं राहायचं, एकाने तळायचं, दुसऱ्याने भाजायचं. तू हॉटेलात राबलेला, तुला हे सांगायला नको. इथे कोणाकडे विषय काढला की एकच सल्ला: "लाइनवर आणा त्याला!"

कसा आणू? आपण पोलीस लाइनीतली पोरं. आपल्याला लाइन म्हणजे आधी खोल्यांची रांग, मग नळाची, मग रॉकेलची. तू तलावपाळीवर आणखी एक काढलीस. (ती मागच्या भेळवाल्याकडे बघून हसली होती. मी अजून ठाम आहे.)

कार्टं शब्दकोश काढून भांडतं. "बाबा, लाइन मूळ लॅटिनमधून आलाय, जवसाचा धागा." म्हटलं, मला जवस चटणीतलं माहीत. "बघा, शेवटी स्वयंपाकघरातच आलात ना!" बाळ्या, मला हसू आलं. तिथेच हरलो.

फ्लॅटचा हप्ता आहेच, पण माझी झोप उडवते ती रात्रीची घरवापसी. 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली म्हणून तू जन्मभर मिरवलास, आणि त्याच ठाण्याला वाशीची सरळ लाइन मिळायला 2004 उजाडलं! तोवर तू वाशीच्या हॉटेलातून येताना कुर्ल्याला गाडी बदलायचास, आणि हॉटेल उशिरा बंद झालं की तिथेच गोणपाट अंथरायचास. आता ट्रान्सहार्बर आहे, पण शेवटची गाडी चुकली तर चुकलीच. ही म्हणते, "बाळूभावजी नाही का निभावले?" हिला ते गोणपाट कुठे माहीत!

धाकटीचं जमलं, अभिनंदन. वहिनींच्या डोळ्याचं झालं का? आंबे पाठवू नकोस, साखर वाढते. बरं, थोडे पाठव.

त्याला एकदा फोन कर. समजावू नकोस. पहिल्या वर्षी हातात किती पडतं, सुट्टी कधी मिळते, पाय किती सुजतात, एवढं खरं सांग. मी लिहिलंय हे बोलू नकोस. आणि दहाच्या आत कर. नंतर त्याची लाइन बिझी असते. कोणाशी, ते अजून आम्हाला कळवलेलं नाही.

तुझा,
नंदू