कनकीचा हिशेब : केंद्रीय वाणिज्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. पीयूष गोयल,
केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली

विषय : तांदळाची निर्यात एका रात्रीत बंद न करण्याबाबत

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या राईस मिलमध्ये मुनीम म्हणून हयात घालवली. धान भरडलं की तांदूळ, कोंडा, भुसा आणि कनकी असे चार हिशेब लिहायचे. कनकी म्हणजे तुकडा तांदूळ. पुण्या-मुंबईकडे तिला कणी म्हणतात. आमच्या वहीत ती कायम शेवटच्या रकान्यात. थोडी घरोघरी पेजेला जायची, बाकीची पोल्ट्रीवाले उचलायचे. मग आंध्रातल्या काकीनाडा बंदराकडचे व्यापारी चौकशीला येऊ लागले आणि कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, फ्रेंच अक्षरं छापून येऊ लागली. कोंबड्यांचं खाणं फ्रान्सला कशाला जातंय, असं मी मालकांना विचारलं. ते हसले. म्हणाले, फ्रान्सला नाही, आफ्रिकेला. तिकडे माणसं खातात, आणि आवडीनं खातात.

आवडीनं का, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलचं मूळ अन्न आपल्यासारखंच, बाजरी. फ्रेंचांचं राज्य आलं आणि तिथल्या रानात भुईमूग आला, कारण फ्रान्समधल्या तेलघाण्यांना शेंगा हव्या होत्या. शेतकरी शेंगा पिकवू लागला, मग खायचं काय? फ्रेंचांच्याच ताब्यातल्या इंडोचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनामकडच्या, गिरण्यांमध्ये कनकी पडून होती. ती जहाजात भरून सेनेगलच्या राजधानीत, डाकारला उतरवली. सेनेगलच्या बायांनी त्या टाकाऊ मालातून मासे आणि भाज्या घालून असा भात रांधला की २०२१ साली युनेस्कोनं त्या चेबू जेनला मानवजातीच्या वारशात बसवलं. अख्खा तांदूळ घातला तर त्याला ती चव येत नाही म्हणे. साम्राज्यं गेली, कनकी राहिली. फक्त ती व्हिएतनाममधलं सायगाव बंदर सोडून आपल्याकडून जाऊ लागली.

आता २०२२ चं बोलतो. ९ सप्टेंबरपासून तुम्ही कनकीची निर्यात बंद केली. दिलेलं कारण खोटं नव्हतं. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत २०१९ साली जेमतेम ५१ हजार टन कनकी बाहेर गेली होती, २०२२ साली त्याच पाच महिन्यांत २१ लाख टनांवर गेली. मोठं गिऱ्हाईक चीन, तेही जनावरांच्या खाद्यासाठी. इथे कनकी १६ रुपये किलोवरून २२ वर चढली, पोल्ट्रीवाले टेकीला आले. सगळं मान्य. पण चिनी डुकरांसाठी लावलेल्या कुलपात डाकारच्या चुलीही अडकल्या.

पुढे २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढरा तांदूळ बंद झाला, ऑगस्टमध्ये उसन्या म्हणजे उकड्या तांदळावर २० टक्के निर्यात शुल्क आलं. जगात विकल्या जाणाऱ्या तांदळातला सुमारे ४० टक्के आपला. एवढ्या मोठ्या दुकानानं शटर ओढलं की बाजार पेटणारच. ऑगस्टमध्ये जागतिक तांदळाचे भाव पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेले. अमेरिकेत आपली मंडळी इंडियन स्टोअरसमोर रांगा लावून सोना मसुरीच्या थैल्या गाडीत भरत होती, त्याचे व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवरही आले. हसलो आम्ही. आफ्रिकेतल्या बेनिन किंवा टोगोच्या माणसाला गाडीची डिकी भरून ठेवण्याची सोय नव्हती. तो रोजच्या मजुरीतून रोजचा तांदूळ घेतो, आणि त्याच्या देशाला तो तांदूळ डॉलर मोजून आणावा लागतो.

त्याच वर्षी भारताच्या पुढाकारानं आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरं झालं. ९ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे कनकीबंदीला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी, दिल्लीत आफ्रिकन युनियनला जी-२० मध्ये कायमची खुर्ची मिळाली. समोर फलक 'वसुधैव कुटुंबकम्'चा. योगायोगच असणार. अन्न आणि वाणिज्य ही दोन्ही खाती तेव्हा तुमच्याकडे होती, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे.

आधी घरचं पोट, हे मला पटतं. माझी तक्रार रीतीबद्दल आहे. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या जॉन्सनसाहेबांनी आपला गहू महिन्या-महिन्यानं मोजून सोडला, त्यात व्हिएतनामवर आपण बोललो याचा रागही होता. जहाज येईल की नाही याची धास्ती काय असते ते दिल्लीला तेव्हा कळलं. ७२ च्या दुष्काळात आम्ही अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाल्ली. गिळवत नव्हती, पण रेशनवर कधी येणार याची वाट बघत होतो. ज्याच्या हातात कुलूप त्याचा चेहरा कसा दिसतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक?

पांढऱ्या तांदळावरची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, कनकीवरची मार्च २०२५ मध्ये. तोवर गोदामं इतकी भरली की २०२४-२५ साठी ५२ लाख टन सरकारी तांदूळ इथेनॉलला द्यायचं ठरलं, २,२५० रुपये क्विंटलनं. सरकारला तो तांदूळ याहून बराच महाग पडलेला असतो. ५२ लाख टन म्हणजे सेनेगलची साधारण तीन-चार वर्षांची आयात. जगात २०२४ साली ६७ कोटी माणसं उपाशी होती, आफ्रिकेत दर पाचांत एकाहून जास्त. पेट्रोलमध्ये काय मिसळायचं ते सरकारनं ठरवावं, पण या दोन आकड्यांचा हिशेब मला एका वहीत लावता येत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर वही खोटी ठरेल. आपला स्वस्त तांदूळ गेला की सेनेगल नदीच्या खोऱ्यातल्या धान उत्पादकाचा भाव पडतो. त्यांनी स्वतःचं पिकवावं, हेच खरं. पण त्याला बांध, पाणी, गिरण्या लागतात, वर्षं लागतात. आपण कधी पूर ओततो, कधी नळ बंद करतो. तिथला शेतकरी कशाच्या भरवशावर पेरणी करणार? आणि बंदीची बातमी आली की आमच्या भागातल्या धानाचाही भाव मोडतो, ते वेगळंच.

मागणं फार नाही. बंदी घालायचीच तर आधी काही आठवडे सांगा, झालेले सौदे पूर्ण होऊ द्या. जे गरीब देश आपल्यावर विसंबून आहेत त्यांचा वर्षाचा कोटा हंगामाच्या आधीच जाहीर करा, बंदी आली तरी न तुटणारा. गेल्या वेळीही सरकार-ते-सरकार परवानग्या दिल्या गेल्या, पण त्या मागण्या-विनंत्यांनंतर, एकेका देशाला. सरकारी साठ्यातून गरजू देशांना धान्य विकू द्या, असं जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हा परिषदेत भारतानंच मांडलं होतं. मुद्दा रास्त होता. तिथल्या परवानगीची वाट न बघता, आपल्याच नियमात कनकीसाठी आणि पांढऱ्या तांदळासाठी एक कायमचा रकाना उघडता येईल. आणि डिस्टिलरीला तांदूळ देण्याआधी तोच तांदूळ त्याच भावात संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला विचारून बघावा.

यंदाची धान खरेदी सुरू होण्याआधी याचं उत्तर मिळालं तर बरं. निदान आमचे मिलवाले काकीनाड्याचे सौदे करताना तारीख बघून तरी करतील.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुनीम, जि. गोंदिया