रविवारची वेंगुर्ला फोटो-फेरी: निघण्याआधी वाचा

मंडळी, रविवारी पहाटे 4 ला कोल्हापूरच्या दसरा चौकातून गाडी सुटेल. आजरा, आंबोली, सावंतवाडी मार्गे. कुणासाठी थांबणार नाही. मागच्या खेपेला एकाच्या आंघोळीपायी डच वखारीवरचं तिरपं ऊन हुकलं. (तो एक मीच, पण नियम नियम आहे.)

वखार 17व्या शतकातली. छप्पर गेलेलं, भिंती ढासळलेल्या. जांभ्याच्या चिऱ्यांची भोकं न् भोकं सकाळीच उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सगळं सपाट. म्हणून आधी तिथंच जायचं. दुपारी गल्ल्यांतली कौलारू घरं, शेवाळलेले गडगे (दगडी कुंपणं), पोपडे उडालेली दारं. सूर्य समुद्राकडं उतरतो, त्यामुळं बंदर संध्याकाळी.

वाऱ्यावर लेन्स बदलू नका, वाळूचा कण सेन्सरवर बसतो. खारट हवेचा थर काचेवर साचतो, सुती फडकं जवळ ठेवा. ट्रायपॉड पाण्यात उभा केलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा.

मासळी विकणाऱ्या मावशींना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही. कुणाच्या अंगणात शिरायचं नाही.

नावं शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा. नाश्ता आंबोलीत, ज्याचा त्यानं.