रिमूव्हरचा डबा तूर्त बाजूला ठेव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. ट्रक अखेर शेडमधून बाहेर काढलास हे वाचून फार बरं वाटलं. काका त्या ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवून गप्पा मारत उभे राहायचे, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "रविवारी रंग काढायचा रिमूव्हर फासतो, दोन तासांत बॉनेट मोकळं." ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. रविवारी ते करू नकोस.

केबिन पत्र्याची आहे, तिथे रिमूव्हर चालतो. रंग फुगतो, सुटतो, पत्र्याला काही होत नाही. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्ड मात्र फायबरची आहेत. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं पॉलिस्टर रेझिन. त्यावर जेलकोटचा, म्हणजे रेझिनच्याच गुळगुळीत सालीचा थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, मग रंग. रंग धरून ठेवणारं द्रव्य रेझिनच आणि जेलकोटही रेझिनच. कडक रिमूव्हरला कुठला थर आपण रंगवलाय आणि कुठला मूळ अंगाचा आहे, हे कळत नाही. तो वरून खाली खात जातो.

हे मी माझ्या पिकअपच्या मडगार्डावर अनुभवलंय. रंग सुंदर फुगला, पट्टीनं हातभर लांबीचे पापुद्रे निघाले. धुतलं, वाळवलं, नवा रंग मारला. चार-पाच महिन्यांनी गाडी दिवसभर उन्हात उभी होती आणि संध्याकाळी पाहतो तर मडगार्डाच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढे फोड. एक सुईनं फोडला तर आत ओल, आणि वास त्या रिमूव्हरचाच. कडेचा जेलकोट पूर्वीच उडालेला होता, धागे उघडे होते, आणि त्या धाग्यांच्या वाटेनं ते द्रव आत मुरून बसलं होतं. ऊन लागलं तसं बाहेर यायला लागलं. पुढे ती अख्खी कड कापून नवीन फायबर भरावं लागलं.

शिवाय तुझ्या डब्यावर 'मेथिलीन क्लोराइड' किंवा 'डायक्लोरोमिथेन' लिहिलंय का बघ. त्याची वाफ शरीरात गेली की शरीर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार करतं. बंद खोलीत काम करताना माणसं गेली आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी अशा रिमूव्हरच्या विक्रीवर बंदी आली. केबिनसाठीसुद्धा तो डबा वापरू नकोस, माझी विनंती आहे.

'फायबरला चालतं' असं लिहिलेले सौम्य रिमूव्हरही मिळतात, बरेचसे बेंझिल अल्कोहोलवर चालणारे. ते सावकाश काम करतात. वापरायचाच झाला तर आधी बॉनेटच्या आतल्या बाजूला तळहाताएवढ्या जागेवर लावून बघ, डब्यावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नकोस, आणि तडे, भोकं, उघड्या कडा टेपनं झाकल्याशिवाय ब्रश उचलू नकोस. मी स्वतः आता तोही वापरत नाही.

हीट गनचं, म्हणजे गरम हवेनं रंग सोडवणाऱ्या यंत्राचंही, तेच. तिच्या तोंडाशी हवा पाचशे अंशांच्या वर जाऊ शकते आणि पॉलिस्टर रेझिन शंभराच्या आसपासच मऊ पडायला लागतं. वाळूचा फवारा तर नकोच, जेलकोट फोडून तो धागे पिंजून टाकतो.

मग करायचं काय? घासायचं. हातानं, सावकाश, सलग तीन-चार सुट्ट्या खर्ची घालून.

सुरुवात धुण्यापासून. साबणाच्या पाण्यानं धू, वाळव, मग मेण आणि ग्रीस काढणाऱ्या द्रावणानं पुसून घे. वर्षानुवर्षांचं पॉलिश आणि सिलिकॉन वर बसलेलं असतं. ते न काढता घासलंस तर ओरखड्यांतून खाली दाबलं जातं आणि नव्या रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. मग एका कोपऱ्यात थिनरचा बोळा हळूच फिरव. बोळ्याला रंग लागला तर तो थर जुन्या लॅकरसारखा, थिनरमध्ये विरघळणारा आहे. असा रंग वाळून ठिसूळ झाला असेल तर पात्यानं छान सुटतो. पात्याचे दोन्ही कोपरे आधी दगडावर घासून गोल कर, नाहीतर ते रुततात. पातं जवळजवळ आडवं धर आणि ढकल.

त्यानंतर एक काम कर, त्यात तुला आनंद वाटेल. बॉनेटच्या सपाट भागावर रुपयाएवढी जागा १८० नंबरच्या घासपेपरनं (नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) कडेकडेनं उतरती घास. झाडाच्या बुंध्यासारखी वलयं दिसतील. बाहेर आत्ताचा निळा, त्याच्या आत आधीचा रंग, मग राखाडी प्रायमर, आणि मधोमध जेलकोट. काकांनी ट्रक घेतला तेव्हा तो कोणत्या रंगाचा होता, हे तुला कोणालाही न विचारता कळेल. त्या वलयांचा फोटो काढून ठेव, कारण पुढचं सगळं काम त्या नकाशावरच चालायचं आहे.

आता मुख्य गोष्ट. फायबर उघडं करायला जाऊ नकोस. पत्रा चकाकेपर्यंत रंग काढायची सवय असते आपल्याला, इथे ती सोड. जुना प्रायमर घट्ट धरून असेल तर तिथेच थांब. ८० नंबर फक्त वरच्या रंगापुरता, राखाडी डोकावला की १८०, आणि शेवटी ३२०. पेपर नेहमी ठोकळ्यावर गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेघा पडतात, आणि मशीन दाबून धरलं की लाटा. बॉनेटच्या उंच धारांवर सुरुवातीलाच टेप लाव, तिथला थर सगळ्यात आधी जातो. आणि बॉनेट सोडवून जमिनीवर आडवं टाकू नकोस. ते पातळ आहे, आपल्या बिजागऱ्यांवर असतानाच त्याचा खरा आकार टिकतो.

जुन्या रंगात, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि लाल थरांत, शिसं असू शकतं. तपासणीची पट्टी आणून आधी बघ. निघालं तर कोरडं घासायचंच नाही, पाणी पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पेपर वापर आणि चिखल कापडानं टिपून बंद पिशवीत भर. काँप्रेसरनं धूळ उडवू नकोस. मुलं त्या दिवशी शेडकडे फिरकायला नकोत, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नकोस. मास्क पी-१०० फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा घे, साधा कापडी नाही. रिमूव्हर किंवा थिनरसाठी वाफेचं वेगळं काडतूस लागतं, धुळीचा फिल्टर वाफ अडवत नाही. बाह्या मनगटाशी टेपनं बंद कर. काम झालं की आधी थंड पाण्यानं अंग धू, गरम पाणी नंतर. काचेचे कण चोळले की रात्रभर खाजतात.

कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसतील, बहुधा बिजागरीजवळ. त्यावर नुसती पुट्टी ओढलीस तर ते वर्षभरात पुन्हा वर येतात. तडा दिसेनासा होईपर्यंत घासून काढावा लागतो आणि मग रेझिन भरावं लागतं. कुठे धागे उघडे पडले तर पाणी पेपर लगेच थांबव, ती जागा पूर्ण वाळू दे, मगच त्यावर इपॉक्सी प्रायमर.

तुझा ट्रक फायबरचा आहे यात कमीपणा मानू नकोस. १९५५ च्या शेवरलेट कॅमिओ कॅरिअर पिकअपच्या मागच्या बाजूंनासुद्धा फायबरच्या पट्ट्या होत्या. थोड्याच गाड्या करायच्या तर पत्र्याचे महागडे साचे परवडत नाहीत, म्हणून तेव्हा फायबर आलं.

एक गोष्ट मला इथून ठरवता येत नाही. काही पार्ट तापलेल्या साच्यात दाबून केलेले असतात, त्यांना जेलकोट नसतोच. मग वलयांच्या मधोमध प्रायमरखाली थेट अंगच लागेल आणि तुला आणखी आधी थांबावं लागेल. बॉनेट उचलून आतली बाजू बघ. खरखरीत, धाग्यांची जाळी दिसणारी असेल तर हातानं थापलेलं, दोन्हीकडून गुळगुळीत असेल तर दाबलेलं. तिथला एक फोटो आणि त्या वलयांचा एक, दोन्ही शनिवारपर्यंत पाठव. ते पाहून पेपर कोणता घ्यायचा ते कळवतो, आणि त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः ठोकळे घेऊन येतो.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र