आधी नोंद, मग साफसफाई

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२ नोव्हेंबर, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आला की खान्देशातल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत साफसफाई निघते. गाजरगवत उपटलं जातं, वेडी बाभूळ तोडली जाते, ते व्हायलाच हवं. पण त्याच उत्साहात शिलांवर तारेचा ब्रश फिरतो, संगमरवरावर ॲसिड ओतलं जातं, विटांच्या चौथऱ्यावर सिमेंटचा गिलावा चढतो. यात काय हातचं जातं ते समजून घ्यायचं असेल, तर आयर्लंडच्या खेड्यांतल्या प्रोटेस्टंटांकडे बघावं.

चर्च ऑफ आयर्लंड या तिथल्या प्रोटेस्टंट चर्चचा राजाश्रय १ जानेवारी १८७१ रोजी संपला. पुढे १८७५-७६च्या कायद्यांनी बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या जुन्या वह्या सरकारी दप्तर ठरल्या. वही गावात सुरक्षित राहील अशी सोय दाखवता आली तर ती तिथेच राहायची, नाहीतर डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या दप्तरखान्यात जायची. ३० जून १९२२ रोजी, आयरिश यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, तो दप्तरखाना जळाला. हजारेक पॅरिशच्या (एका चर्चखालच्या गावांच्या) वह्या तिथे होत्या, त्यांतल्या फक्त चार पॅरिशच्या वाचल्या. ज्या वह्या गावातच राहिल्या, किंवा ज्यांची नक्कल पाद्र्यांनी पाठवण्याआधी करून ठेवली होती, त्यांतला मजकूर आज हाताशी आहे. त्याच काळात माणसंही कमी झाली. आजच्या आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २६ काउंटींत (जिल्ह्यांत) १९११ साली प्रोटेस्टंट आणि इतर बिगरकॅथलिक मिळून सुमारे १० टक्के होते, १९२६ साली सुमारे ७. वही नाही आणि सांगणारं घरही नाही, अशा ठिकाणी थडग्याचा दगड हाच एकमेव कागद उरला.

आयर्लंडचे हे प्रोटेस्टंट सगळे जमीनदारच होते, हा समज सोडून द्यावा. लिमरिक काउंटीत रॅथकीलच्या आसपास १७०९ साली आलेले जर्मन निर्वासित, म्हणजे पॅलेटाइन, कुळं म्हणून शेती करत. पोर्टार्लिंग्टनला ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधून आलेले प्रोटेस्टंट होते, त्यांची १६९४पासूनची नोंदवही फ्रेंचमध्ये आहे. बॅलिटोरचे क्वेकर, डोनेगल-मोनाहनचे प्रेस्बिटेरियन शेतकरी, ही आणखी वेगळ्या प्रोटेस्टंट पंथांची घराणी. (आयरिश प्रेस्बिटेरियन मिशन १८४१ साली राजकोटला आलं आणि थोड्याच वर्षांत सुरतेपर्यंत पोचलं, म्हणजे आपल्या नवापूरच्या शेजारीच.) खेड्यांतल्या पुष्कळ जुन्या दफनभूमींत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट शेजारी शेजारी आहेत. त्यांतल्या अनेक आज काउंटी कौन्सिलच्या ताब्यात आहेत, म्हणून नोंदीच्या कामाला सगळं गाव बसतं.

ते काम असं चालतं. झाडझाडोरा मुळासकट न उपटता जमिनीपासून चार बोटं वर कापायचा. सांध्यात शिरलेलं मूळ ओढलं की दगडच निखळतो, आणि आपल्याकडच्या पिंपळाच्या बाबतीत तर हे हमखास होतं. मग ३० मीटरचा टेप लावून नकाशा काढायचा आणि प्रत्येक कबरीला नंबर द्यायचा. दगडाचा प्रकार, उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, सगळं लिहायचं. मजकूर ओळीला ओळ ठेवून, चुकलेल्या स्पेलिंगसह, जसाच्या तसा उतरवायचा. पुसलेलं अक्षर अंदाजाने भरायचं नाही, चौकटी कंसात जागा सोडायची. १ आणि ७, ३ आणि ८ यांत फार घोटाळा होतो, म्हणून दोघांनी वेगवेगळं वाचून ताडून बघावं.

वाचायला खडू किंवा पीठ चोळू नये. खडूने दगड झिजतो, पिठाला बुरशी आणि मुंग्या लागतात. तिरपा उजेड पुरे. पूर्वेकडे तोंड असलेल्या उभ्या शिलेवर दुपारी बाराच्या सुमारास ऊन वरून घासून उतरतं आणि कोरीव अक्षर उठून दिसतं. आडवी शिला मात्र सूर्य उगवताना किंवा मावळताना वाचावी. संगमरवरात शिशाची अक्षरं बसवलेली असतील तर आणखी जपावं. अक्षर गळलं तरी त्याच्या खिळ्यांची दोन-तीन बारीक भोकं राहतात आणि त्यांच्या जागेवरून ते कुठलं अक्षर होतं ते ताडता येतं. भोकांत पुट्टी भरली की ते नाव गेलं.

धुवायचंच असेल तर साधं पाणी, मऊ ब्रश, आणि खालून वर. वरून सुरुवात केली तर कोरड्या दगडावर मळाचे ओघळ उमटतात. चुन्यात बांधलेल्या विटांवर सिमेंट नको. आत ओल कोंडते, क्षार फुटतात आणि वीट भुसभुशीत होते. एक भाग चुना, तीन भाग वाळू, वर ओलं गोणपाट निदान आठ-दहा दिवस. खान्देशातल्या मे महिन्यात हे काम काढू नये, चुना आवळण्याआधीच वाळून भेगाळतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल १८७९ साली वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या बहुतेक नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. गिलांचं नाव पुस्तकांत तरी आहे. त्या काळच्या रेल्वेवाल्यांची, त्यांच्या लेकराबाळांची आणि इथल्याच भिल्ल, मावची ख्रिस्ती कुटुंबांची नावं बहुतेक दगडावर किंवा मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) वहीतच असणार. त्या वहीला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन करू नये. पानन् पानाचे फोटो काढून एक प्रत मंडळीकडे, एक गावच्या वाचनालयात आणि एक दुसऱ्या गावात ठेवावी.

नगरपालिका, ग्रामपंचायती आणि मंडळ्यांना आमची एकच विनंती आहे: साफसफाईचा ठेका देताना पहिल्याच कलमात लिहावं की नंबर आणि फोटो झाल्याशिवाय जेसीबी फाटकाच्या आत येणार नाही.

आपले,
स्थानिक इतिहासाचे काही अभ्यासक, भुसावळ