मणगट नव्हे, मनगट

सदाशिव पेठ, पुणे 30
गुरुवार, रात्री

चि. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

'सौ.' लिहायचं विसरलो असं समजू नकोस. लिहिलं होतं, मग खोडलं, मग कागदच बदलला. असो.

तुझी कादंबरी वाचून झाली. 212 पानं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतली, कारण स्क्रीनवर मला अनुस्वार दिसत नाहीत. 'बाबा, फक्त शुद्धलेखन बघा, बाकी काही बोलू नका,' असं तू बजावलं होतंस. तेवढंच करायचं ठरवून बसलो होतो. 36 वर्षं प्रेसमध्ये दुसरं काय केलं? कवितांपासून लग्नपत्रिकांपर्यंत सगळं वाचलं, मजकुरात कधी नाक खुपसलं नाही.

तर शुद्धलेखन. ऱ्हस्व-दीर्घ बरं आहे, माझी लाज राखलीस. 'मनगट' मात्र सगळीकडे 'मणगट' झालंय. चौथीतही असंच लिहायचीस. पेन्सिलने गोल करत गेलो आणि शेवटी मोजले तर 11 निघाले. एका प्रेमकथेत मनगट 11 वेळा येतं आणि ओठ 4 वेळा. हे शुद्धलेखनात बसतं की नाही, मला ठाऊक नाही.

आधी चांगलं सांगतो. पायाबद्दल जे लिहिलं आहेस ते मराठीत मी तरी वाचलेलं नाही. ती तुझी बॅले नाचणारी नायिका आयरिस नवे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहायचे बूट, घेऊन बसते, ते दाराच्या फटीत दाबते, जमिनीवर आपटते, रिबिनी स्वतः शिवते, आणि एवढं करून एका प्रयोगात त्यांचा चोथा होतो. आत लाकूड असतं असं मला वाटायचं. कापड, कागद आणि खळ एवढ्यावर बाई उभी राहते हे तुझ्यामुळे कळलं. आईला ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपण नवी कोल्हापुरी तेल पाजून मऊ करतो तसंच की. फिजिओच्या पहिल्या वर्षाला पायाची 26 हाडं तू स्वयंपाकघरात मला धरून पाठ करायचीस, माझ्या पावलावर बॉलपेनने आकडे घालून. ते आकडे आंघोळीने जात नसत, चप्पल काढली की प्रेसमधले हसायचे. ते सगळं वाया गेलं नाही.

आता लुकाबद्दल, आयरिसच्या नाचातल्या जोडीदाराबद्दल. बोलणार नव्हतो.

लंडनला नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी तू फोनवर मला बॅलेमधली लिफ्ट समजावून सांगितली होतीस. 'बाबा, तो तिला उचलत नाही. ती गुडघे वाकवते, प्लिए घेते आणि स्वतः उडी मारते. त्याने फक्त त्या क्षणी तिथे असायचं.' मी म्हटलं, म्हणजे समेवर यायचं. तू हसलीस, 'अगदी तसंच.' आणि या कादंबरीत तो लुका रागावला की मुद्दाम अर्धी मात्रा उशिरा हात देतो. पडू देत नाही, तिने घाबरावं एवढाच उशीर. समोर बसलेल्या कोणालाही ते दिसत नाही, फक्त तिला कळतं. मग मनगट घट्ट धरून तो म्हणतो, 'मी नसलो तर तू जमिनीवरची.'

हे तुला कुठून सुचलं, मीनल?

तुझ्याकडे उपचाराला येणाऱ्या मुलींपैकी कोणीतरी सांगितलं असेल. तुमच्या धंद्यात लोक टेबलावर पडले की बोलतात, हे तूच म्हणतेस. नाव-गाव बदलून घातलं असशील, त्यात वावगं काही नाही. पण कादंबरीत एक फिजिओही आहे. बिननावाची, दोन-तीन पानांपुरती. पान 143 वर ती आयरिसला विचारते, हा वळ कसला? आयरिस म्हणते, घड्याळाचा पट्टा घट्ट होता. फिजिओ वहीत 'पट्टा' लिहून घेते आणि पुढच्या पेशंटला हाक मारते. मी धरून चाललो होतो की ती फिजिओ म्हणजे तू. दुसऱ्यांदा वाचताना तसं वाटेना.

गेल्या तीन रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबांचं एचएमटी तुझ्या उजव्या हातात होतं. तू जन्मात उजव्या हातात घड्याळ घातलेलं नाहीस.

जाऊ दे. म्हातारपणी माणसाला नसतं ते दिसतं, आणि मुद्रितशोधकाला तर तरुणपणीच दिसायला लागतं. चुकलो असेन तर सोडून दे.

आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा कॉव्हेंट गार्डनला तू 'जिझेल' हे बॅले दाखवलंस, ते आठवतं? इतक्या वर बसलो होतो की आईने आधी खाली बघायलाच नकार दिला. पहिल्या अंकात मला दोनदा डुलकी लागली, पण दुसऱ्या अंकात त्या विली आल्या, ताठ, पांढऱ्या, रांगेने, तेव्हा आई माझा दंड धरून कुजबुजली, 'अहो, या तर आपल्या जखिणी!' फसवलेल्या, लग्नाआधी मेलेल्या मुली, रात्री पुरुष सापडला की त्याला मरेपर्यंत नाचवायच्या. 1841 साली पॅरिसमध्ये रचलेलं ते, आणि आईला वाटलं आपल्या विहिरीवरचंच कोणीतरी सांगतंय. तो सरदार खोटं नाव सांगून पोरीला फसवतो, ती वेडी होऊन मरते, आणि मेल्यावरही पहाटेपर्यंत नाचून त्यालाच वाचवते. आई रडली. मला राग आला होता, तेव्हा बोललो नाही. बाहेर आल्यावर तुझा केदार म्हणाला, 'बघा, बायका कशा असायला हव्यात.' आपण सगळे हसलो. मीही.

तुझ्या शेवटच्या प्रकरणात आयरिस आणि लुका तेच 'जिझेल' नाचतात, तो वेळेवर हात देतो, पडद्यामागे रडतो आणि ती त्याला माफ करते. वाचकांना आवडेल. प्रेमकथेत पुरुष देखणा असला आणि शेवटी रडला की सगळं माफ असतं, अशी पुस्तकं मी ढिगाने तपासली आहेत. पण तो पुढच्या मंगळवारच्या रिहर्सलला वेळेवर येईल कशावरून, हे तू लिहिलं नाहीस.

आयरिसच्या आरशावर बॅले नर्तकी मार्गो फॉन्टेनचा फोटो लावला आहेस म्हणून तिच्याबद्दलही वाचलं. 1962 साली ती 42 वर्षांची आणि तिचा नाचातला जोडीदार नुरेयेव्ह 23 चा, पहिल्यांदा एकत्र नाचले ते 'जिझेल'च. लोक त्या दोघांच्याच गोष्टी सांगतात. नवरा वेगळाच होता, पनामाचा राजकारणी. 1964 साली त्याला गोळ्या घातल्या, तो कायमचा अपंग झाला, आणि त्याचा खर्च भागवायला ती साठीला टेकेपर्यंत नाचत राहिली. आई म्हणाली, 'निभावलं हो बाईने.' त्या शब्दावरून आमचं कडाक्याचं वाजलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चहाचा कप आणून नुसता ठेवायची. मी एवढंच म्हटलं होतं की आपल्या घरात 'निभावलं' हा शब्द वापरायचा नाही.

आईला कारण माहीत आहे. मंगलआत्या माघारी आली होती तेव्हा तिला सांगलीला परत सोडायला मीच गेलो होतो. स्वारगेटला पहाटेची एसटी. सगळ्या वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती. साताऱ्याला मी वडापाव घेऊन आलो, तो तिने हातात तसाच धरून ठेवला. कराडच्या पुढे मला म्हणाली, 'दादा, तू दोन दिवस राहशील का तिथे?' प्रेसमध्ये दिवाळी अंकाची घाई होती. राहिलो नाही.

तेव्हा ऐक. माणूस एकदा मुद्दाम उशीर करतो तेव्हा तो तुझा भरवसा मोजत असतो. दुसऱ्यांदा करतो तेव्हा त्याला माप मिळालेलं असतं. तू शिकलेली आहेस, कमावती आहेस, दुसऱ्याची हाडं जुळवून देतेस. वेगळं खातं ठेव. कागदपत्रं आपल्या कपाटात नाही, ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेव. एखादी मैत्रीण अशी असू दे जिच्याकडे रात्री अकराला न विचारता जाता येईल...

बघ, सुरू झालं माझं. कादंबरीचं परीक्षण सोडून वकिली करायला लागलो. माफ कर. केदार चांगला मुलगा असेलही. मला तो चांगलाच वाटला होता. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी त्यानेच पैसे पाठवले, ते मी विसरलेलो नाही, आणि तेच माझ्या घशात अडकतंय.

तुला सहावीत कथ्थकला घातलं तेव्हा मी म्हणालो होतो, हे कशाला, गणिताची शिकवणी लावू. आईने ऐकलं नाही. वार्षिक कार्यक्रमात तू एकटीच राधा झालीस आणि पलटा घेऊन तूच कृष्ण झालीस, स्वतःचीच वाट अडवलीस आणि स्वतःवरच रुसलीस. मी मागच्या रांगेत होतो. आपल्या नाचात बाईला उचलायला कोणी लागत नाही, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. बारावीला तू घुंगरू माळ्यावर टाकलेस तेव्हा मी खूश झालो होतो. तेही सांगून टाकतो.

तुझ्या खोलीतली माझी पुस्तकं हलवली. कॉट मोकळी केली, कापूस पिंजून गादी नवी भरून घेतली. आई सांगत फिरते की पाहुण्यांसाठी. आपल्याकडे पाहुणे म्हणून कोण येतं, वर्षातून एकदा नानाकाका. आम्हा दोघांचे पासपोर्ट नवे होऊन आलेत. दोन दिवस राहायचं असेल तर मी आता मोकळा आहे, प्रेस बंद झाली.

तपासलेली प्रत कुरिअरने पाठवतोय. तुझ्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर, घरच्या नाही.

तुझा,
बाबा

ता. क. : 10 ठिकाणी 'मनगट' करून टाकलं आहे. पान 143 वरचं मी हात न लावता सोडलंय, नुसता गोल आहे. तिथे काय हवं ते तू लिहून कळव.