बाबा, तुमच्या कविता त्या यंत्रात आहेत का?

म्युनिक,
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा व ती. सौ. आई यांस सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की शेजारच्या मुलाने मोबाइलवरच्या कुठल्याशा चॅटबॉटकडे तुमची पावसाची कविता मागितली. पहिल्या दोन ओळी अचूक आल्या आणि पुढच्या चार तुमच्या नावाखाली भलत्याच. त्यावर तुम्ही विचारलंत, "ही चोरी म्हणायची की पाठांतर? आबांना शेकडो अभंग पाठ होते, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही." फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं असतं तर ते तुम्हाला पटलं नसतं. शिवाय गेलं वर्षभर माझं सगळं काम याच प्रश्नाभोवती चाललंय, म्हणून सवडीने लिहायला बसले. आई, कोर्टात न जाणारी वकील दिवसभर करते तरी काय, असं तू नेहमी विचारतेस. ते तुलाही यातून कळेल.

या विषयासाठी म्युनिकसारखं गाव नाही. युरोपियन पेटंट ऑफिसचं मुख्यालय इथेच इसार नदीजवळ आहे. जर्मनीचं पेटंट ऑफिस आणि पेटंटचं स्वतंत्र न्यायालयही इथेच. त्यामुळे ११ नोव्हेंबरला इथल्या प्रादेशिक न्यायालयाने 'गेमा विरुद्ध ओपनएआय' (चॅटजीपीटी बनवणारी कंपनी) या खटल्याचा निकाल दिला, तेव्हा आमच्या विभागात दिवसभर दुसरा विषय नव्हता.

गेमा म्हणजे आपल्या मुंबईच्या आयपीआरएससारखी संस्था. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्या वतीने ती मानधन गोळा करते. सभासद सुमारे एक लाख. तिने नऊ जर्मन गाण्यांच्या शब्दांवरून दावा लावला होता. त्यातलं एक बालगीत आहे, ख्रिसमसच्या आधी स्वयंपाकघरात खाऊ करताना मुलं पीठ आणि दूध सांडून किती पसारा घालतात त्याचं. इथल्या पोराटोरांना ते तोंडपाठ असतं. गेमाने चॅटजीपीटीला अगदी साधे प्रश्न विचारले, अमुक गाण्याचे शब्द काय वगैरे, आणि आलेली उत्तरं न्यायालयापुढे ठेवली.

त्या उत्तरांसारखे दोन कागद मी कायदा शिकवते त्या वर्गात वाटले होते, एकावर मूळ गाणं आणि दुसऱ्यावर यंत्राने दिलेलं. मुलांनी पेन्सिलीने फरक खुणावायला घेतले. कुठे एक शब्द वेगळा, कुठे एक ओळ गाळलेली, बाकी कडव्यामागून कडवं जसंच्या तसं. एक मुलगी म्हणाली, "हे शिकणं नाही, हे ठेवून घेणं आहे." निकालाचा गाभा तिने एका वाक्यात सांगितला.

कंपनीचं म्हणणं असं होतं की मॉडेलच्या, म्हणजे चॅटबॉटमागच्या संगणकी यंत्रणेच्या, आत कुठलंही गाणं साठवलेलं नसतं. आत फक्त आकडे असतात, कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द येण्याची शक्यता किती याचे. आणि गाणं उमटलं ते वापरणाऱ्याने मागितलं म्हणून, तेव्हा जबाबदारीही त्याचीच. न्यायालयाने दोन्ही गोष्टी मानल्या नाहीत. एवढ्या लांब गाण्यांचे शब्द योगायोगाने जुळत नाहीत. ते आकड्यांच्या रूपात विखुरलेले असले तरी साध्या प्रश्नाने पुन्हा बाहेर काढता येतात, म्हणजे ती प्रतच झाली. युरोपच्या कायद्यात मजकुराचं संगणकी विश्लेषण करण्यासाठी प्रती काढायची सवलत आहे, पण अख्खं गाणं आत राहून जाणं हे विश्लेषण नव्हे. आणि यंत्राला शिकवायचा मजकूर कंपनीने निवडला, यंत्र कंपनीने घडवलं, म्हणून जबाबदारीही तिचीच. हा निकाल अजून अंतिम नाही. तुमच्या दृष्टीने त्यातली एक बाजू निराशेची आहे: गीतांचे बदललेले शब्द मूळ कवीच्या नावावर खपवले गेले, त्याबद्दलची गेमाची वेगळी मागणी न्यायालयाने फेटाळली.

आणि गंमत बघा, जेमतेम एक आठवडा आधी, ४ नोव्हेंबरला, लंडनच्या उच्च न्यायालयाने बरोबर उलट दिशेचा निकाल दिला होता. गेटी इमेजेस ही छायाचित्रांची मोठी कंपनी आणि चित्रं तयार करणारी स्टॅबिलिटी एआय यांच्यातला तो खटला. यंत्राला शिकवण्याचं काम ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावाच नव्हता, त्यामुळे तो मुख्य मुद्दा गेटीला मध्येच सोडून द्यावा लागला. उरलेल्या मुद्द्यावर न्यायमूर्ती जोआना स्मिथ यांनी म्हटलं की या मॉडेलमध्ये कुठलंही चित्र साठवलेलं नाही, म्हणून त्याला कायद्याच्या अर्थाने 'बेकायदा प्रत' म्हणता येत नाही. गेटीच्या पदरात पडलं ते थोडंसंच, काही जुन्या चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क, म्हणजे मालकीची पुसट छाप, उमटला होता त्यापुरतं, तेही ट्रेडमार्कच्या कायद्याखाली.

आता आबांकडे येते. माणसाच्या डोक्यात काय आहे याला कॉपीराइटचा कायदा कधीच प्रत म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण हेच आबा एखाद्या जिवंत कवीची गाणी तिकीट लावून म्हणू लागले असते, तर कायद्याने त्यांनाही विचारलं असतं. यंत्राचं पाठांतर त्याच्याही पुढचं आहे. ते एका जागी राहत नाही. त्याच्या हव्या तेवढ्या नकला निघतात, ते महिन्याच्या वर्गणीवर विकलं जातं आणि लाखो लोकांना एकाच वेळी तेच कडवं म्हणून दाखवतं. विकायला केलेल्या वस्तूच्या आत गाणं असेल आणि साध्या मागणीवर बाहेर येत असेल, तर मला म्युनिकचं म्हणणं बरोबर वाटतं. लंडनचा निकाल त्यांच्यापुढे आलेल्या पुराव्यापुरता ठीक आहे. सगळ्या मॉडेल्सना तो सरसकट लावला तर अन्याय होईल.

लेखकाचा हक्क सगळ्यांच्या वर असतो असं मला वाटतं, असं मात्र समजू नका. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या फोटोकॉपीच्या दुकानावर बड्या परदेशी प्रकाशकांनी केलेला दावा २०१६ मध्ये फेटाळला गेला, तो निकाल मी आजही वर्गात अभिमानाने शिकवते. शिकणाऱ्याला पुस्तक मिळालंच पाहिजे. तुम्ही आयुष्यभर शाळेत तेच केलंत.

पण बाबा, या दोन्ही निकालांपेक्षा मला जास्त सतावतो तो तुमच्या त्या भलत्या चार ओळींचा प्रश्न. यंत्राला पाठ काय होतं? जे शिकवणीच्या मजकुरात पुन्हा पुन्हा येतं ते. ते जर्मन बालगीत इंटरनेटवर असंख्य पानांवर असणार, म्हणून ते अख्खं उमटलं आणि म्हणूनच सिद्ध करता आलं. तुमची कविता फार तर दोनचार जागी असेल, कुणी दिवाळी अंक स्कॅन करून टाकला असेल तिथे, कुणी ब्लॉगवर उतरवून घेतली असेल तिथे. ती अर्धीमुर्धी राहते आणि बाकी यंत्र जुळवून देतं. म्हणजे ज्याचं गाणं गाजलेलं आहे त्याला न्यायालयात पुरावा मिळतो. ज्याचं मोजक्या लोकांपर्यंत पोचलेलं आहे त्याचं लिखाणही घेतलं जातंच, वर त्याच्या नावावर खोटं खपतं आणि घेतल्याचा मागही उरत नाही. मराठीतल्या बहुतेक कवींची गत हीच. मी गेले काही महिने जो लेख लिहितेय तो याच मुद्द्यावर आहे.

अमेरिकेत काय झालं तेही पाहा. तिथल्या लेखकांनी अँथ्रोपिक या कंपनीवर दावा केला. जून २०२५ मध्ये न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी म्हटलं की पुस्तकांवरून यंत्राला शिकवणं हा न्याय्य वापर आहे, म्हणजे त्याला परवानगी लागत नाही, पण पायरेटेड (चोरून नकललेली) पुस्तकं उतरवून त्यांचा साठा करणं नाही. पुढे १५० कोटी डॉलरवर तडजोड झाली, एका पुस्तकामागे सुमारे ३,००० डॉलर. आकडा मोठा आहे. पण यादीत जागा मिळाली ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदवलेल्या पुस्तकांनाच. सांगलीत छापलेल्या बालकवितांची नोंद वॉशिंग्टनला कोण करणार? नोंदणीवाचूनही हक्क असतो हे आपला कायदाही मानतो आणि आंतरराष्ट्रीय करारही. पैसे वाटताना मात्र ते कामी येत नाही.

म्हणून मी म्हणते की खटले पुरे पडणार नाहीत, आधी माहिती उघड झाली पाहिजे. युरोपियन युनियनचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ ला अमलात आला, आणि २ ऑगस्ट २०२५ पासून मोठी मॉडेल्स बाजारात आणणाऱ्यांना शिकवणीच्या साहित्याचा सारांश जाहीर करणं भाग आहे. युरोपियन कमिशनने त्यासाठी एक नमुना दिलाय. त्यात एक ओळ आहे, जी वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. इंटरनेटवरून जो मजकूर ओढला त्यातल्या सर्व वेबसाइट्सची नावं द्यायची नाहीत. मजकुराच्या आकाराप्रमाणे सर्वांत मोठ्या १० टक्क्यांची दिली की झालं. लहान कंपन्यांना तर त्याहून कमी. आपल्या मराठी साइट्स त्या १० टक्क्यांत कितीशा येणार? जो दिवाळी अंकांचा साठा आहे, ज्या एखाद्या शिक्षकाच्या ब्लॉगवर तुमची कविता आहे, ते सगळं उरलेल्या ९० टक्क्यांत, म्हणजे न सांगितलेल्यात. माझी मागणी अशी आहे की मोठ्या १० टक्क्यांचा हिशेब एकूण न धरता प्रत्येक भाषेपुरता वेगळा करावा. मराठीतल्या मोठ्या साइट्स कुठल्या ते मराठीच्या यादीत दिसू दे. कंपनीला यात फार कष्ट नाहीत, भाषेप्रमाणे वर्गवारी त्यांच्याकडे बहुधा असतेच.

नकार देण्याच्या सोयीचंही असंच आहे. युरोपच्या २०१९ च्या निर्देशाप्रमाणे लेखकाला 'माझा मजकूर घेऊ नका' असं सांगता येतं, पण इंटरनेटवरच्या मजकुरासाठी ते यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात सांगावं लागतं. ज्याची स्वतःची वेबसाइट आहे त्याला ते जमेल. तुमची कविता दुसऱ्याच कुणाच्या साइटवर आहे, तिथल्या दाराला पाटी लावायचा अधिकार तुमच्याकडे नाही. हे मी इथल्या चर्चासत्रात मांडलं तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, असे लेखक कितीसे असतील? मी म्हटलं, जगातले बहुतेक.

आपल्या सरकारने वेगळाच मार्ग सुचवलाय. वृत्तसंस्था एएनआयने ओपनएआयवर केलेला दावा २०२४ पासून दिल्ली उच्च न्यायालयात चालू आहे. त्याच्या जोडीला डीपीआयआयटी, म्हणजे केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने गेल्या डिसेंबरात एक प्रस्ताव मांडला: कायदेशीर मार्गाने मिळालेला मजकूर कंपन्यांनी न विचारता वापरावा, मात्र उत्पन्नातला वाटा द्यावा, आणि एका मध्यवर्ती संस्थेने तो लेखक-कलावंतांत वाटावा. लेखकाला नाही म्हणता येणार नाही. माझं मन यावर दोन्हीकडे ओढलं जातं. नाही म्हणायचा हक्क काढून घेणं मला मुळात मान्य नाही. पण आत्तापर्यंत पाहिलेल्या योजनांमध्ये सांगलीच्या कवीपर्यंत पैसा पोचण्याची शक्यता निदान कागदावर तरी असलेली ही एकच आहे, आणि जो कुठल्याच संस्थेचा सभासद नाही त्याचाही विचार तीत आहे. वाटप कशावरून ठरणार, कमी खपाच्या भाषांना किमान वाटा मिळणार का, यावर मी एक टिपण तयार करतेय. २०१२ मध्ये आपल्या संसदेने गीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की जो करारात लिहून देऊनही सोडता येत नाही. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत त्यासाठी बोलले होते. जे सिनेमाच्या गीतकाराला मिळालं ते बालकविता लिहिणाऱ्यालाही मिळायला हवं.

आता तुमच्या हातातलं काम. त्या खोट्या चार ओळींसाठी आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे. हक्क विकले असले तरी आपलं नाव आणि आपल्या लिखाणाची मोडतोड याबद्दल लेखकाला तक्रार करता येते. चॅटबॉटच्या बाबतीत ते कसं लागू करायचं ते नीट अभ्यासून सांगेन. त्याआधी २००१ साली संग्रह छापताना प्रकाशकाशी जो करार केलात तो शोधा. आपल्याकडे हस्तांतर लेखी आणि सहीचं नसेल तर ते धरलंच जात नाही. आणि लेखी असून त्यात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षांचीच मानतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. म्हणजे मुदतीचा उल्लेख नसला तर सगळे हक्क २००६ मध्येच तुमच्याकडे परत आलेत. तुम्ही मात्र अजून प्रत्येक शाळेला "प्रकाशकांना विचारा" असं सांगता.

आई, तो करार बहुतेक तुझ्या कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या पिशवीत असेल. सगळ्या पानांचे फोटो काढून पाठव, मागची बाजूही. सह्या आणि तारीख स्पष्ट आली पाहिजे. आणि शेजारच्या मुलाला सांग, त्या उत्तराचा स्क्रीनशॉट पुसू नकोस, त्याने काय विचारलं होतं तेही त्यात दिसू दे.

तुमची,
सई