फौजेतल्या जोडीदारांबद्दलपण लिहा

संपादक साहेब, आपल्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, पिढ्यानपिढ्या फौजेत, पण पेपरात बातमी येते ती भरतीची नाहीतर शहीद झाल्याची, तिकडं ही पोरं एकमेकांना कशी सांभाळतात ते कुणी लिहीतच नाही. माझा भाऊ सियाचीनला होता, तिथं बर्फावर सगळे एका दोरात बांधून चालतात, एकजण भेगेत गेला तर बाकीच्यांनी धरायचं, आणि बडी म्हणजे जोडीदार, तो रोज याच्या हातापायाची बोटं बघणार, बधिर पडलीत का, रंग बदललाय का. घरचं टेन्शनपण आधी त्यालाच कळतं. रिटायर झाल्यावर एक चंदगडला, एक पार नाशिककडं. माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनच्या जोडीनं या जोडीदारांची गाठ घालून द्यायचंपण बघा की, कळकळीची विनंती आहे.

– एका माजी सैनिकाचा भाऊ, कोल्हापूर